करडू सडाला लागतंय, तरी तिसऱ्या दिवशी जातंय. चुकतंय कुठं?

जांबोटीची शेळीवाली

नमस्कार मंडळी. आमचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. सोळा शेळ्या, एक बोकड, सगळं उस्मानाबादी. चांगल्या पाटी (मादी करडं) आणि एखाददुसरा बोकड पैदाशीला देतो, राहिलेले बकरे बाजारात. म्हणजे आमचा सगळा हिशेब करडं जगण्यावर.

या पावसात तीन आठवड्यांत पाच शेळ्या व्याल्या. नऊ करडं झाली, त्यातली तीन गेली. तिन्हींचं अगदी एकसारखं. जुळ्यातलं बारकं. पहिल्या दिवशी उठतं, आईखाली जातं, शेपटी हलवतं. मी स्वतः बघितलंय. दुसऱ्या दिवशी कुबड काढून कोपऱ्यात उभं. तिसऱ्या दिवशी सकाळी डालगं (करडं झाकायची टोपली) उचललं की थंडगार.

घरचे म्हणतात पावसानं. सासूबाई म्हणतात दृष्ट. एका दवाखान्यात विचारलं तर उत्तर मिळालं, “जुळ्यातलं एक जातंच की.” तिघांचंही ऐकून घेतलं, पण माझं मन मानत नाही. नाळेला हळद लावते, गोणपाटानं पुसून कोरडं करते, डालग्यावर बल्ब लावते. (करंट असला तर. आमच्याकडं जुलैत करंट म्हणजे पाहुणा.) तिसऱ्याला तर चमच्यानं दूध पाजलं. ते नाकातून आलं आणि तासाभरात संपलं सगळं. ते डोळ्यापुढून जाईना.

आज पहाटे काळी व्यालीय. दोन झाली. थोरलं दणकट आहे. बारकी पाट आहे, काटा नाही घरात, पण दोन किलोच्या साखरेच्या पुड्याहून हलकी लागते हाताला. आत्ता ती आईखाली आहे, शेपटी हलूलीय. मला तीच शेपटी बघून भीती वाटूलीय. आज रात्री काय करू सांगा.

डालगंवाला, निपाणी

ताई, शेपटीवर जाऊ नका. सडाला लागलं म्हणजे पोटात गेलं असं नव्हे. आमचा बाप मेंढरं राखायचा, तो शेपटी बघायचाच नाही. कोकराच्या तोंडात बोट घालायचा आणि पोटाखाली हात. तोंड गार आणि पोट खपाटीला गेलेलं, तर ते उपाशी आहे, मग ते कितीही चोखू दे.

पहिल्यांदा काळीची धार काढून बघा, दोन्ही सडांची. व्याल्यावर सडाच्या तोंडाला मेणासारखं बूच असतं. थोरलं करडू ओढून ते काढतं. बारकं नुसतं चोखत बसतं, येत काहीच नाही.

आणि चमच्यानं ओतू नका हो. अजिबात.

जनावरांचा डॉक्टर, चिकोडी

वरच्या दादांशी सहमत. तुमच्या तिन्ही करडांचा शेवट वाचून मला उपास आणि थंडीच दिसते. हे दोन्ही हातात हात घालून येतात: पोटात काही नाही म्हणून अंग तापत नाही, अंग गार म्हणून चोखायला जोर नाही.

आत्ता क्रम महत्त्वाचा. साधा थर्मामीटर शेपटीखाली, गुदद्वारात लावा. करडाचं तापमान 102 ते 103 फॅरनहाइट असायला हवं. 99 च्या खाली असेल तर आधी ऊब, मग चीक (व्याल्यावरचं पहिलं दूध). गार पडलेल्या करडाला गिळता येत नाही, दूध फुप्फुसात जातं. तुमच्या चमच्याचं तेच झालं. स्वतःला दोष देऊ नका, हे कुणी सांगत नाही म्हणूनच घडतं. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून दोन्ही कुशींना लावा. डालग्याखाली जमिनीची ओल येत असेल तर खाली फळी आणि वाळलेलं गवत घाला, वरचा बल्ब एकटा पुरत नाही. करडू सहा तासांहून मोठं असेल आणि मान टाकून पडलं असेल, तर अंगातली साखरही संपलेली असते. तेव्हा नुसतं शेकू नका, डॉक्टरला बोलवा, पोटात सुईनं ग्लुकोज द्यावं लागतं. ते घरी करायचं काम नव्हे. फिरत्या दवाखान्याचा नंबर 1962.

अंग गरम असेल आणि बोट ओढत असेल तर काळीचाच चीक पिळून बाटलीनं पाजा, मान सरळ ठेवून, उताणं करून नव्हे. पहिल्या चोवीस तासांत वजनाचा दहावा हिस्सा चीक पोटात जायला हवा. दोन किलोच्या करडाला 200 मिली, चार-पाच वेळेला विभागून. चोवीस तासांनंतर आतडं चिकातली रोगप्रतिकारशक्ती शोषून घेत नाही. मग तुम्ही बादलीभर पाजा, ते नुसतं दूध.

हळद लावता ते ठीक, पण नाळ टिंचर आयोडीनच्या वाटीत बुडवा. ओल्या गोठ्यात नाळेतूनच सांधे सुजण्याचा आजार शिरतो.

जांबोटीची शेळीवाली

रात्रीचे अकरा. काळीच्या डाव्या सडातून काहीच येईना. चोळून चोळून दाबलं तेव्हा मेणाचा गोळा टप्पकन् बाहेर आला, पाठोपाठ हळदीसारखा पिवळा चीक. पाटीचं तापमान 98. म्हणजे शेपटी हलवत हलवत उपाशी होती बया.

बाटल्यांनी शेकलं, चुलीपुढं मांडीवर घेऊन बसले. 101 झालं तेव्हा बोट ओढायला लागली. 40 मिली गेला. दोन तासांनी परत. सासूबाई म्हणाल्या, माझ्या लेकराला कधी एवढं केलं नाहीस. (केलं होतं.)

बेळगावचा पोरगा, सध्या न्यूझीलंड

मी शहापूरचा, इथं अल्पाकाच्या फार्मवर काम करतो. अल्पाका म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातलं लोकरीचं जनावर, उंटाच्या कुळातलं. पिल्लाला ‘क्रिया’ म्हणतात. घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, कसली क्रिया?

तुमची शेळी पाच महिने गाभण असते, ही साडेअकरा. एकच पिल्लू, सहा ते आठ किलोचं. जुळं जवळजवळ नसतंच. त्यामुळं एक गेलं की वर्ष गेलं. आई पिल्लाला चाटत नाही, तिची जीभ तेवढी बाहेर निघतच नाही. बहुतेक व्यायतात दिवसाउजेडी, डोंगरातल्या थंड रात्रीआधी पिल्लू सुकावं म्हणून असेल.

पण सांगायचं वेगळंच आहे. इथं पिल्लू पितंय का हे कुणी डोळ्यानं ठरवत नाही. पहिले दोन आठवडे रोज सकाळी त्याच वेळेला काट्यावर. पहिल्या दिवशी थोडं उतरलं तर चालतं, नंतर चढायलाच हवं. दोन दिवस काटा हलला नाही की बाटली तयार. पिल्लू उड्या मारत असलं तरी. उड्या मारणारं पिल्लूही उपाशी असतं, हे मला इथंच कळलं.

आणखी एक. बाटलीवर वाढवलेला नर माणसाला आपल्यातलाच समजतो आणि मोठा झाला की अंगावर येतो. म्हणून इथं नराला पाजून लगेच कळपात सोडतात. तुमची पाट आहे म्हणून बरं.

घाटाखालचा

मूळ प्रश्न जातीचा आहे. उस्मानाबादी हे कोरड्या मुलखातलं जनावर, जांबोटीच्या पावसात आणलंच कशाला? सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ घ्या, तिला पाऊस सोसतो.

जांबोटीची शेळीवाली

दादा, सोळा शेळ्या विकून जात बदलते तोवर ही पाट कोण सांभाळणार? पुढच्या बोकडाच्या वेळी विचार करीन, खरंच. पण सडाचं बूच कन्याळीलाही असणार की.

जांबोटीची शेळीवाली (बारा दिवसांनी)

उशीर झाला, माफ करा. दुसऱ्याच दिवशी घरचे खडेबाजारातून टांगायचा काटा घेऊन आले. करडाला पिशवीत घालून टांगते. पाट 1.7 भरली, थोरलं 2.3. तिसऱ्या दिवशी पाट 1.65. डोळ्याला काही दिसत नव्हतं, आईखाली जात होती. बघत बसले तेव्हा कळलं, थोरलं तिला ढुसणी मारून मोकळ्या सडावरून ढकलतंय. मग पाजायच्या वेळी थोरल्याला डालग्याखाली कोंडायचं, पाट आधी. वरून बाटली. आज सकाळी 2.2.

खरा धक्का दुसरीकडं बसला. काटा आहे म्हणून सगळ्यांनाच टांगलं. बांडीचं एकुलतं एक करडू, गोठ्यातलं सगळ्यात उनाड, तीन दिवस वजनाला तिथंच. बांडीची कास चाचपली तर उजवी बाजू दगडासारखी आणि गरम. दगडी (कासेचा दाह) झालीय. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. ते करडू बाटलीवर आहे, आणि ते बोकड आहे, म्हणून न्यूझीलंडवाल्या भावाचं ऐकून पाजलं की लगेच सोडते. पोरं मात्र त्याला शाळेतून आल्यावर मांडीवर घेतातच.

चीक जास्तीचा निघाला तो बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवलाय, पुढच्या महिन्यात दोघी व्यायच्या आहेत. वितळवायचा असला की कोमट पाण्यात ठेवायचा, उकळायचा नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं.

सासूबाईंचं मात्र जमेना. लेकराचं आणि करडाचं वजन करू नये, दृष्ट लागते. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आता मी काट्यावरून उतरवते आणि त्या मीठ-मोहऱ्या घेऊन तयार असतात. वजनं लिहायची वही भिजू नये म्हणून ती फळीवर मोहरीच्या डब्याशेजारीच ठेवलीय.

काळीचं डावं सड अजून बारीकच येतं. घरचे म्हणतात विकू. तुम्ही असतात तर काय केलं असतं?

डालगंवाला, निपाणी

पुढच्या वेताला बघा, मग विका. आणि विकताना घेणाऱ्याला सड दाखवून विका.