मदत हवी आहे: खेड्यातून ऑनलाइन समुपदेशन, पण गुप्तता राखून

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात कर्जानं खचलेल्या शेतकऱ्यांना आम्ही काही जण टेली-मानसशी जोडून देतो (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही). पहिला फोन होतो. अडचण त्यानंतरची आहे.

घरात स्मार्टफोन एकच, आणि बायको-पोरांसमोर माणूस मोकळं बोलत नाही. वावरात गेलं तर रेंज नाही. व्हिडिओ कॉल करून पाहिला, चित्र अडकतं. ग्रामपंचायतीत भारतनेट (सरकारी इंटरनेट) आहे, पण वीज गेली की तेही बंद. शिवाय तिथं जाताना चारचौघं पाहतात. सावकाराच्या कानावर जाईल ही भीती खरीच आहे.

आशाताई सोबत आहेत. जिवाला धोका वाटला तर ११२ लावतो, फवारणीचं औषध घरातून हलवतो. ते सुरू आहे. व्हॉट्सॲप ग्रुप कृपया सुचवू नका, त्यात नावं फुटतात. खर्चाला पैसा थोडाच आहे.

उपकेंद्रात किंवा शाळेच्या खोलीत कोणी अशी बंद दाराआड बोलायची सोय चालवली आहे का? राउटरला कोणती बॅटरी पुरली? आणि फक्त कोलामी बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी, गावाबाहेरचा दुभाष्या कॉलवर कसा जोडलात?