कुत्रा सुटून वावरात जातो आणि कापूस वेचणाऱ्या बायांच्या भाकरी पळवतो, सवय कशी मोडावी?

पऱ्हाटीवाली (सेलू तालुका, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे भुऱ्या नावाचा गावठी कुत्रा आहे. दोनेक वर्षांचा असेल. सडपातळ, डाव्या कानाचं टोक दुमडलेलं. आमचं वावर बोरच्या जंगलाकडच्या बाजूला आहे. रात्री रानडुकरं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आली की सगळ्यात आधी तोच भुंकतो, म्हणून घरात सगळ्यांचा त्याच्यावर जीव. पण वेचणी सुरू झाल्यापासून त्याच्या चोऱ्यांनी मी हैराण झाले आहे.

बाया सकाळी येतात, धुऱ्यावरच्या बाभळीला आपापलं भाकरीचं गठुडं टांगतात आणि पात धरतात. भुऱ्या तोवर कडुनिंबाखाली डोळे मिटून पडलेला. बाया बोलत बोलत ओळीच्या पार टोकाला गेल्या की हा उठतो. पळत नाही. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळींमधून पोट जमिनीला लावून येतो, बुंध्यावर पुढचे दोन्ही पाय टेकवतो आणि फडक्याचं लोंबतं टोक दातांत धरून खाली खेचतो. गाठ सुटली की ज्वारीची भाकर तोंडात आडवी धरून नाल्याकडे पसार. ठेचा तिथंच टाकतो, झुणका असला तर फडक्यासकट नेतो. गठुडी उंच टांगून पाहिली, तर तो पाटीवर चढून काढतो.

गावात हसतात लोक. रोडग्यांच्या पंगतीत जगऱ्यातून, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांतून, काढलेले रोडगे राख झटकायला पोत्यावर टाकले होते, तर त्यातलेही याने नेले आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. पंगतीत एखादा रोडगा कमी पडला तर कोणी उपाशी राहत नाही. वावरातली गोष्ट वेगळी आहे. वेचणीची मजुरी किलोवर असते. सकाळी अंधारात उठून, लेकरांचं करून, चूल पेटवून जी बाई भाकर बांधून आणते तिचीच भाकर गेली, तर दुपारनंतर ती उपाशीपोटी कापसाने ओटी भरते आणि संध्याकाळी काट्यावर तिचाच कापूस कमी भरतो. मी घरून भाकरी आणून देते, पण घर लांब आहे. येईस्तोवर तिची जेवायची वेळ निघून जाते. बाया मला तोंडावर काही म्हणत नाहीत, तेच मला जास्त लागतं.

दुसरी भीती अशी की डुकरांच्या त्रासाने काही जण वावरात औषध घातलेलं खाणं टाकतात. जो कुत्रा दिसेल ते उचलतो, त्याच्या तोंडी ते कधी पडेल सांगता येत नाही.

दिवसभर साखळीला बांधणं आणि मारणं, दोन्ही मला पटत नाही. फाटक उघडलं की तो पायांमधून निसटतो आणि हाका मारल्या की आणखी लांब जातो. कोणी अशी सवय मोडली असेल तर नीट सांगा.

धुऱ्यावरचा (दारव्हा, जि. यवतमाळ)

ताई, आमच्या वावरातई हेच चालत होतं. पयले कुत्र्याचा इचार सोडा, भाकरीचा करा. बाभळीले टांगलेलं गठुडं म्हंजे कुत्र्याले आवतनच. आम्ही फवारनीच्या पान्याचा नाई, घरच्या धान्याचा एक पत्र्याचा डबा वावरात नेऊन ठेवला, कडी लागते असा. सगळ्या बायांच्या भाकरी त्याच्यात. डबा सावलीत ठेवाचा आन वरतून वलं फडकं टाकाचं, म्हंजे भाकर तापत नाई. तवापासून एकाई बाईची भाकर गेली नाई.

कुत्रं दोन-चार दिवस डब्याभोवती फिरते, नखं घासते. त्याच टायमाले कोनी दया करून तुकडा फेकला तं सगळं मुसळ केरात. बायाईले सांगून ठेवा, जेवतानी त्याले काई टाकू नका मनाव. धा खेपेत एकदा जरी भेटलं ना, तं ते शंभर खेपा येते.

आन वावरात निंगाच्या आंदी त्याले घरी पोटभर खाऊ घाला. पोट भरलं तं चोरी सुटंलच असं नाई, पन जोर कमी होते.

राळेगावकर

एवढं लिहायची गरज नाही. एका भाकरीत भरपूर लाल तिखट भरून ठेवा, एकदा तोंड भाजलं की विषय संपला.

गुरांचा डॉक्टर (अमरावती)

तिखटाचा प्रयोग कृपया करू नका. तोंड आणि आतडं सोलवटतं, जुलाब लागतात आणि कुत्रा शिकतो ते एवढंच की आधी हुंगावं, मग खावं. चोरी चालूच राहते.

ताईंना दोन-तीन गोष्टी विचारतो. त्याला रोज काय खायला मिळतं? गावाकडे बहुतेक घरांत ज्वारीची भाकर आणि ताक एवढंच असतं. रात्रभर राखण करणाऱ्या, दिवसा धावणाऱ्या कुत्र्याला ते पुरत नाही. भाकरीसोबत रोज एक उकडलेलं अंडं, शिजवलेली डाळ, जमेल तेव्हा बिनहाडाचं मटण-कोंबडी द्या. खाणं दोन वेळा आणि ठरलेल्या वेळेला. जंताचं औषध कधी दिलं होतं? पोटात जंत असलेला कुत्रा कितीही खाल्लं तरी भुकेलाच राहतो. मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी जंताचं औषध द्यावं, मात्रा वजनावर ठरते. रेबीजची लस दरवर्षी. जो कुत्रा गावभर फिरतो आणि मजुरांमध्ये वावरतो, त्याच्या बाबतीत यात चालढकल नको.

तो चोरून काय खातो हेही महत्त्वाचं आहे. झुणक्यात कांदा असतो. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. एका घासाने काही होणार नाही, पण पुन्हा पुन्हा पोटात गेला तर हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते, कुत्रा मरगळतो. शिजलेली हाडं चिरफाळतात आणि आतड्यात रुततात. आपल्या भागात आणखी एक गोष्ट असते, सरकी ढेप, म्हणजे सरकीची पेंड. गुरांपुढच्या घमेल्यात भिजवलेली ढेप कुत्रे चाटतात. सरकीत गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असतो. मोठ्या गुरांच्या पोटात तो बराच निष्प्रभ होतो, कुत्र्याच्या पोटात होत नाही. सतत खाल्ला तर हृदयावर परिणाम होतो. घमेलं झाकत जा.

आता विषाचं. तुमची भीती अगदी रास्त आहे. थिमेट, म्हणजे फोरेट, देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे, पण जुने साठे आणि त्याच जातीची दुसरी कीटकनाशकं घराघरांत आहेत. असं काही पोटात गेलं तर तोंडातून लाळेची तार लागते, अंग थरथरतं, डोळ्यांची बाहुली बारीक होते, श्वास घुरघुरतो. याला अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन आहे, पण ते वेळेत मिळायला हवं. उंदरांचं काळं औषध असतं, झिंक फॉस्फाईड, ते पोटात गेलं की विषारी वायू तयार होतो. त्यावर उतारा नाही, फक्त उपचारांनी तगवता येतं. दोन्ही वेळा मिठाचं पाणी, तेल, दूध असलं काहीही पाजू नका. पाजण्यात वेळ जातो आणि झटके येत असतील तर ते फुप्फुसात जातं. औषधाचं पाकीट किंवा बाटली सापडली तर सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर फोनमध्ये आताच टाकून ठेवा.

मोहर्लीकडचा (जि. चंद्रपूर)

बांधू नका म्हणता ते दिवसापुरतं ठीक, पण रात्री तो उघड्या अंगणात साखळीला किंवा वावरात एकटा मोकळा, दोन्ही नको. आमचा भाग ताडोबाच्या अंगाला आहे. बिबट्याला कुत्रा म्हणजे सोपी शिकार, आणि बांधलेल्याला तर पळताही येत नाही. तुम्हीही बोरच्या बाजूला आहात. रात्री त्याला गुरांच्या कोठ्यात, दार लावून ठेवा. राखण आवाजाने होते, तो आतून भुंकला तरी तुम्हाला कळतं.

आता निसटण्याबद्दल. हाक मारली की लांब जातो, कारण आपण मागे धावतो आणि त्याला तो खेळ वाटतो. भाकर घेऊन पळताना मागे लागलात तर तो ती चावतसुद्धा नाही, गिळून टाकतो. मी माझ्या कुत्रीला बैलाच्या जुन्या कासऱ्यावर शिकवलं. दोन कासरे जोडून लांब दोर केला, टोक माझ्या हातात, बाकी जमिनीवर सैल. ती लांब गेली की एकदाच ‘ये’ म्हणायचं आणि आपण उलट्या दिशेला चालायला लागायचं. आली की लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा. आधी अंगणात, मग रिकाम्या वावरात, आणि बाया-माणसं असलेल्या जागी सगळ्यात शेवटी. ‘ये’ म्हणून बोलावून कधीही रागवायचं नाही, बांधायचंही नाही. एकदा जरी तसं केलं तरी पुढच्या वेळी ती चार हात लांब उभी राहून विचार करते.

दुसरा शब्द ‘सोड’. तिच्या तोंडात साधी भाकर असताना नाकापुढे अंडं धरायचं. भाकर टाकली की अंडं द्यायचं, आणि भाकरही परत द्यायची. हे परत देणं लोक विसरतात. टाकलं तरी आपलं जात नाही हे तिला पटलं, म्हणून नाल्याकडे पळायचं कारण उरलं नाही. विषाच्या भीतीपोटी मला हाच शब्द सगळ्यात मोलाचा वाटतो.

पऱ्हाटीवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. धुऱ्यावरचे दादा, कडीचा पत्र्याचा डबा घरात आहे, उद्याच बैलबंडीत घालते. बायांशीही बोलले. त्यांतल्या एक मावशी म्हणाल्या की नामदेवांनी भाकर नेणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली होती, तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. मावशींचं मन मोठं आहे. पण नामदेवांनी स्वतःची भाकर दिली होती. माझ्या कुत्र्यासाठी दुसऱ्याच्या घरची भाकर जावी हे मला चालणार नाही. तोवर ज्या दिवशी कोणाची भाकर गेली, त्या दिवशी दुपारनंतरची कसर मी मजुरीत भरून देणार, असं घरी ठरवलं आहे.

डॉक्टरसाहेब, भुऱ्याला भाकर-ताकच मिळतं, कधीमधी वरण. जंताचं औषध पावसाळ्याआधी दिलं होतं. ढेपेचं घमेलं तो रोज चाटतो, हे मी डोळ्यांनी पाहते. हिरड्या आत्ता पाहिल्या, गुलाबी आहेत. एक विचारायचं राहिलं. भाद्रपदात तो कित्येक दिवस घरी फिरकत नाही, अंगावर जखमा घेऊन येतो. नसबंदी केली तर हे भटकणं थांबेल का? आणि घरचे म्हणतात की मग तो राखण करणार नाही, भुंकायचाही नाही.

गुरांचा डॉक्टर (अमरावती)

हिरड्या गुलाबी आहेत हे चांगलं. घमेलं आजपासून बंद, जंताचं औषध या आठवड्यात द्या.

नसबंदीने माद्यांमागे भटकणं आणि त्यावरून होणारी भांडणं बरीच कमी होतात. भाकरीची चोरी त्याने सुटणार नाही, तिला डबा आणि ‘सोड’च लागेल. राखणीबद्दल घरच्यांना सांगा, अनोळखी चाहुलीवर भुंकणं त्यामुळे जात नाही. ऑपरेशननंतर साधारण दहा दिवस टाक्यांना माती-पाणी लागू देऊ नका आणि चाटू देऊ नका. म्हणून वेचणीच्या गर्दीत नको. शेवटची वेचणी आटोपली, घरात माणूस मोकळं असलं, की करून घ्या. त्याआधी रेबीजची लस झालेली असू द्या.

मोहर्लीकडचा (जि. चंद्रपूर)

कासरा सुताचा घ्या, नायलॉनचा नको, त्याने हात कापतो. आणि दोर गळपट्ट्याला बांधा, गळ्याला फास करू नका.