‘आधी प्रस्ताव लिहायला शिका’ म्हणणाऱ्यांसाठी

कोरडवाहू: काल इथं एकांनी लिहिलं, “छोट्या संस्थांना निधी मिळत नाही कारण त्यांना धड प्रस्ताव लिहिता येत नाही. आधी ते शिका, मग रडा.” वाचून राहवलं नाही. आम्ही बीड जिल्ह्यात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडं निघतात. मुलं गावात राहावीत, शाळा बुडू नये, तर धान्य, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाच्या मावशी, सगळं तेव्हाच लागतं. आम्हाला सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी कायद्यानं समाजकामावर खर्चायचे पैसे येतात फेब्रुवारीत, आणि मार्चअखेर ते खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र हवं असतं! तोवर मुलं आईबापाबरोबर फडात पोचलेली असतात. प्रस्ताव कितीही चांगला लिहा, यात काय फरक पडणार?

जमाखर्च: मी लहान ट्रस्टचे हिशेब तपासतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. बहुतेकांच्या १२ए आणि ८०जी या करसवलतीच्या नोंदण्यांचं नूतनीकरण रखडलेलं, सीएसआरचा पैसा घ्यायला लागणारा सीएसआर-१ अर्ज भरलेला नाही. धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट १ या नोंदवहीत वारलेल्या विश्वस्तांची नावं तशीच, कारण बदल कळवणारा, ९० दिवसांत द्यायचा चेंज रिपोर्ट दिलेलाच नाही. देणाऱ्यानं कशाच्या भरवशावर द्यायचं? आणि सीएसआरमध्ये चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून पुढं तीन वर्षं नेता येतो. उरलेला पैसा कंपनीनं वेगळ्या खात्यात ठेवायचा असतो. हे मागितलंत कधी?

कोरडवाहू: मागितलं. “आमचं धोरण एका वर्षाचं” एवढंच उत्तर आलं. कागदांचं तुमचं खरं आहे. पण ते कागद बघणारा माणूस ठेवायला पैसा कोण देतो? अंदाजपत्रकात हिशेबनिसाचा पगार दिसला की पहिली काट त्याच ओळीवर.

बांधावरची: माझं डोकं इथंच फिरतं. आमच्या अभ्यासिकेला टॅब मिळाले, शिकवणाऱ्या ताईचं मानधन नामंजूर. ताईनं दुसरीकडं नोकरी धरली आणि टॅब खोक्यासकट कपाटात पडले. वर सेवाभावाची प्रवचनं ऐका. तिला घरभाडं नाही का द्यावं लागत?

टेबलापलीकडून: मी एका फाउंडेशनमध्ये अर्ज वाचायचे. पगाराच्या यादीत अध्यक्षांची सून समन्वयक, भाचा चालक, असं कितीदा पाहिलंय. म्हणून हात आखडतो. शिवाय सीएसआरच्या कायद्यातच पगार-कारभाराच्या खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे.

जमाखर्च: थांबा, हे चूक आहे. ती ५ टक्के कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहेत. प्रकल्प राबवणाऱ्या ताईचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च. परदेशी निधीतून कारभारावर खर्च करायची २० टक्के मर्यादा वेगळी.

बांधावरची: म्हणजे इतकी वर्षं तुम्ही लोकांनी नसलेला नियम सांगून आमची माणसं घालवलीत! काही वाटतं का?

टेबलापलीकडून: माझ्यावर ओरडू नका, तुमचा अर्ज मी वाचलेला नाही. नियमाचं मान्य, माझी समजूत चुकीची होती. सुनेचं मात्र मी मागं घेणार नाही.

जुना झोळीवाला: पगार-पगार काय करताय, खरा घाव सप्टेंबर २०२० चा. शहरातली मोठी संस्था परदेशी निधी आणायची, इंग्रजी अहवाल, हिशेब ती सांभाळायची आणि आमच्यासारख्यांना वाटा द्यायची. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या दुरुस्तीनं ते वाटपच बंद. आता स्वतःची नोंदणी हवी, तर आधीच्या तीन वर्षांत १५ लाख खर्च केलेले दाखवा. आमच्या महिला मंडळानं ते कुठून आणायचे?

टेबलापलीकडून: पैशाचा माग राहावा म्हणून ते केलं होतं.

जुना झोळीवाला: आमच्याकडं दर पावतीचा माग होता. माग राहिला, पैसाच गेला.

कोरडवाहू: विषय माझ्या वसतिगृहापासून कुठल्या कुठं गेला, पण एक हाती लागलं. पुढच्या प्रस्तावात मावशींचं आणि हिशेबनिसाचं मानधन प्रकल्प खर्चातच धरतो. जमाखर्च, मावशींचं तर झालं, हिशेबनिसाचं तिथं बसेल का? नियमाच्या आधारानं चार ओळी लिहून द्याल?

जमाखर्च: प्रकल्पाचेच हिशेब ठेवत असेल, तर तेवढा भाग धरता येईल. लिहून देतो. चेंज रिपोर्ट दिलाय ना?

कोरडवाहू: सोमवारी देतो.