पोलीस ठाण्यातले सीसीटीव्ही: जिल्हा परिषदेकडून पाठपुरावा कसा करायचा?

तालुकावाला:
ठाण्यातले कॅमेरे कायम 'बंद'. नागरिकांचा गट जमला आहे. एसपी ऑफिसला निवेदन द्यायचं की आणखी कुठे?

कोर्टकचेरी:
निवेदनाची फक्त पोच मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या निकालानुसार (ठाण्यांतल्या सीसीटीव्हींबद्दलचा परमवीर सिंग सैनी खटला) जिल्हा देखरेख समितीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, एसपी आणि महापौर किंवा जिल्हा परिषद अध्यक्ष असतात. निवडून आलेला माणूस तो एकच, त्यालाच धरा. कॅमेरा बंद असताना झालेल्या अटका आणि चौकश्यांची नोंद ठाणेप्रमुखाने या समितीला पाठवायची असते. ती मागा, खरी मेख तिथेच आहे.

दहाचा_स्टँप:
माहिती अधिकारात थेट फुटेज मागाल तर तपास किंवा खासगीपणाचं कारण देऊन नकार येतो. त्याऐवजी समितीची इतिवृत्तं, बिघाडाच्या नोंदी आणि तिच्याकडून राज्य देखरेख समितीला गेलेले मासिक अहवाल मागा. अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयावर. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा कोर्ट फी स्टँप.

तालुकावाला:
आणि एखाद्याला मारहाण झाली असेल तर?

कोर्टकचेरी:
मग थांबू नका. फुटेज १८ महिने, निदान वर्षभर ठेवायचं आहे, पण कागदावर. तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची जागा लिहून ते जपून ठेवण्याची मागणी त्याच आठवड्यात स्पीड पोस्टाने करा. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडची तक्रार वेगळी.