प्लायवूडच्या फिश टँकला आतून फायबर आणि इपॉक्सी: पावसाळ्यातच करू की थांबू?

मंडळी, बडोद्याहून लिहितोय. प्लायवूडची मोठी फिश टँक घरीच बनवतोय, खोका तयार आहे, पाणी लाकडात शिरू नये म्हणून आतून फायबरग्लास आणि इपॉक्सीचा (हार्डनर मिसळला की कडक होणारं रेझिन) थर द्यायचाय, तिथे अडलोय. आतलं माप ६ बाय २ बाय २ फूट, म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण ६८० लिटर. १८ एमएमचा मरीन प्लाय, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का बघून घेतलेला, फक्त पुढची बाजू १२ एमएम काच. ती आतून बसवणार, म्हणजे पाणीच तिला फ्रेमवर दाबून धरेल. दोन ऑस्कर मासे आहेत, चांगले वीतभर झालेत, आत्ताच्या टँकमध्ये त्यांना धड वळताही येत नाही, बघवत नाही हो.

आता मुद्दा. मकरपुरा जीआयडीसीत एफआरपीचं (फायबरग्लासचं) काम करणारे एक भाई म्हणतात, "इपॉक्सी शा माटे? मॅट ने जीपी रेझिन लगावी दो, सस्तुं पडशे." म्हणजे इपॉक्सी कशाला, मॅट (सुट्या काचतंतूंची चादर) आणि जीपी रेझिन लाव, स्वस्त पडेल. पण जीपी म्हणजे पॉलिएस्टर, ते लाकडाला इपॉक्सीइतकं घट्ट धरत नाही, आणि एवढ्या पाण्याने प्लाय थोडा तरी वाकणारच, एकदा थर सुटला की पाणी आत शिरून प्लाय फुगत राहील आणि बाहेरून कळणारही नाही. म्हणून इपॉक्सी नक्की. त्याबरोबर साधी मॅट नको वाटते, कारण तिच्यातले तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतंच, मग मॅट ताठ राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. तेव्हा काचतंतूंचं विणलेलं कापड, २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम). कोपऱ्यांत इपॉक्सीत बारीक भुसा कालवून आधी गोलाई देणार. सपाट भागाला एक थर आणि सांध्यांवर दोन पुरतील ना, की सगळीकडेच दोन द्यावेत?

खरी काळजी हवेची. सध्या इतकं दमट आहे की धुतलेले कपडे दुसऱ्या दिवशीही ओलसर लागतात. दमट हवेत काही हार्डनरमुळे इपॉक्सीवर मेणचट पापुद्रा येतो, तो पाण्याने धुवून, सँडपेपर मारून मगच पुढचा कोट द्यायचा, नाहीतर पकड राहत नाही, एवढं माहितीये. पण प्लायनेच ओल धरली असेल तर? बंद खोलीत हॅलोजनचा दिवा लावून वाळवला तर चालेल का, की सरळ नवरात्रीपर्यंत थांबू? कोट संध्याकाळीच मारणार, ऊन चढताना लाकडातली हवा फुगून बुडबुडे येतात म्हणून.

आणि सिलिकॉन. त्यावर नंतर इपॉक्सी धरत नाही, म्हणून सगळे कोट झाल्यावरच काच. पण शेवटच्या कोटानंतर किती दिवसांनी काच लावलीत, आणि पाणी भरून मासे सोडायच्या आधी किती दिवस नुसतं ठेवलंत? हार्डनर कुठला वापरलात तेही सांगा. बडोदा, आणंद, भरूचकडे कोणी अशी टँक केली असेल तर रविवारी येऊन बघायला खूप आवडेल, विशेषतः काचेकडचा सांधा.