आत्या, पुढचा मेसेज वाचू नकोस

दादा: काल रात्री ‘डीप ब्लू सी’ लावला. 1999 चा. भर समुद्रात प्रयोगशाळा, अल्झायमरवर औषध हवं म्हणून शार्कचा मेंदू मोठा करतात, मग शार्क डोकं चालवून एकेकाला गट्टम करतात. इतका फालतू आणि इतका झकास सिनेमा बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता.

आत्या: ए, शेवट कोणी फोडायचा नाही हं. माझा अर्धा राहिलाय.

मी: कुठवर आलीस?

आत्या: सॅम्युअल जॅक्सन सगळ्यांना धीर देतोय, भांडू नका म्हणून. तिथेच डोळा लागला. बोलतो छान हो तो.

दादा: 😂😂😂😂

वहिनी: अहो, गप्प बसा ना.

मी: आत्या, तू आधी तो सीन बघ. तोवर ग्रुप उघडू नकोस.

काका: बंदूक दिसल्यावर शार्क चक्क मागे सरकतो, आणि तज्ज्ञ मंडळी म्हणतात शार्कला मागे पोहता येत नाही! अरे, समोर पोहतोय की तुमच्या!

ताई: काका, तेवढं एक मात्र त्यांनी बरोबर सांगितलंय. माकोसारख्या शार्कचे छातीजवळचे पर ताठ असतात, विमानाच्या पंखांसारखे. त्यांनी मागे नाही जाता येत. आणि काही सिनेमांत शार्क डरकाळी फोडतो, ती तर शुद्ध थाप. त्याला स्वरयंत्रच नसतं.

दादा: झालं, आली प्राणिशास्त्राची तासिका.

आई: मला तो आचारी फार आवडला. स्वयंपाकघरात पाणी शिरलंय, शार्कही आत, आणि हा लपतो कुठे तर ओव्हनमध्ये! त्यात शार्कचा धक्का लागून ओव्हन सुरू. आत बसून कुऱ्हाडीने वरचा पत्रा फोडतोय बिचारा. मी हसू की घाबरू, कळेना. पोपट मात्र उगाच मारला.

काका: वहिनी, काहीही म्हणा, ‘जॉज’ची सर नाही. 1975 सालचा, पण आजही पाण्यात पाय घालवत नाही.

मी: त्यात खाऱ्या पाण्याने यांत्रिक शार्क सारखा बंद पडायचा. म्हणून स्पीलबर्गने तो कमीच दाखवला. नुसते पिंप तरंगताना दिसतात आणि आपली तंतरते.

दादा: काका, ‘जॉज’ भीतीसाठी, हा मजेसाठी. आणि मजा का येते, तर सगळे नट जीव तोडून काम करतात. आपण येडपट सिनेमात आहोत हे एकाच्याही चेहऱ्यावर दिसत नाही. 2013 चा ‘शार्कनेडो’ बघा, वावटळीतून शार्क पडतात. तो सारखा डोळा मारत असतो, बघा मी कसा वेडा! पाव तासात कंटाळा येतो.

वहिनी: मला नाही आला. आरी घेऊन शार्कच्या पोटातून बाहेर येतो तो! 😂

ताई: खऱ्या आयुष्यात शार्कमुळे जगभर वर्षाला साधारण 5-6 माणसं जातात. माणसं मारतात ते शार्क अंदाजे 10 कोटी. खरा भयपट त्यांनी काढायला हवा.

आत्या: अरे!!! शार्कने वाक्य तरी पुरं करू द्यायचं होतं जॅक्सनला!!! फोन हातातून पडला माझा.

दादा: 🙏😂

आत्या: सगळा बघून झाला. ती शार्कचा मेंदू वाढवणारी डॉक्टरीण का मेली पण?

मी: आधीच्या शेवटात ती जगते. प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळात प्रेक्षक भडकले, हे सगळं हिनेच करून ठेवलं म्हणून. मग शेवट पुन्हा शूट केला.

वहिनी: अन्याय आहे. औषधच शोधत होती ना ती?

आई: पण मी म्हणते, मेंदू शार्कचाच कशाला वाढवायचा? उंदीर नव्हते का?

काका: वहिनी, उंदरांचा असता तर दिवे घालवून बसला असता का तुम्ही?