मदत हवी आहे: घोडी आठवड्यात अर्धी झाली का? (तातडीचे)

पाऊलवाट: लवकर सांगा, संध्याकाळच्या आत नोंद पाठवायची आहे. आमच्या कुरणावर 11 पोनी मोकळ्या चरतात. दर आठवड्याला एक स्वयंसेवक फेरी मारून बघून येतो. गेल्या खेपेला तपकिरी घोडीपुढे 6 लिहिलंय, मी आज 3 दिले. इतकी खंगेल? की मीच आंधळी? समन्वयक फोन उचलत नाहीत.

चौखूर: 6 कशापैकी?

पाऊलवाट: अंगावरच्या मांसाचे गुण हो! फॉर्मवर नुसता रकाना आहे.

चौखूर: तेच विचारतोय. एक मोजपट्टी 1 ते 9 असते (हेनेकेची, 1983 पासूनची), दुसरी 0 ते 5. नऊपैकी 6 आणि पाचापैकी 3 यांत फार अंतर नाही. मागच्या फेरीवाल्याला विचारा त्याने कुठली धरली.

जुनं_खोगीर: कसल्या मोजपट्ट्या! बरगडीवरून बोटं फिरवा, लगेच कळतं. मी आयुष्यभर हेच केलं.

डबल_ढ: काका, तबेल्यातली नाहीत ती. हात लावायला गेलं की चौखूर उधळतील (चौखूर, तुम्हाला नाही म्हटलं). लांबून दुर्बिणीनेच बघायचं.

जुनं_खोगीर: आणि हिवाळी केसांखालच्या बरगड्या दुर्बिणीतून दिसतात वाटतं?

चौखूर: नाही दिसत. म्हणून कणा, पुठ्ठ्याची हाडं आणि मानेची कड बघायची. पाऊलवाट, ऋतू कोणता तुमच्याकडे? चालते कशी?

नाममात्र: माझी मुलगी 7 वर्षांची आहे. घोड्यावर बसायला शिकवायचं योग्य वय कोणतं?

डबल_ढ: पहिल्या वर्षी मी 'शिंगरू मेलं' म्हणून कळवलं होतं. आडवं, मान टाकलेली, माश्या बसलेल्या. माणसं धावत आली तर साहेब उठून दूध प्यायला गेले. घोडी उभ्याने डुलकी घेते, पण गाढ झोपेसाठी आडवीच पडते, शिंगरं तर तासन् तास. तेव्हा आधी दहा मिनिटं नुसतं बघा.

पाऊलवाट: ही झोपलेली नाही. वसंत आहे, केस झडताहेत. कणा दिसत नाही, मानेची कड उलट जाड, कडक. पण बाकीच्या दहाजणी ओढ्यापलीकडे गेल्यात आणि ही एकटीच इकडे, म्हणून म्हटलं अशक्तपणा असेल. पुढचे पाय लांब टाकून मागे रेलून उभी असते, आपण तापलेल्या फरशीवर टाचांवर उभे राहतो तशी. वीस मिनिटांत दोन पावलं टाकली, तीही खडी टाळून.

चौखूर: अहो, हे आधी सांगायचं! गुण राहू द्या बाजूला. लॅमिनायटिस वाटतोय. वसंतातलं गोड गवत आणि मानेवर चरबी, नेमकी जोडी. खुरातलं हाड ज्या थराने भिंतीला धरलेलं असतं तो थर दुखावतो, मग हाड आत फिरू शकतं. पशुवैद्य आजच हवा. तिला हाकलू नका, चालवू नका.

जुनं_खोगीर: ओढ्यात उभी करा. गार पाण्याने आराम पडतो.

डबल_ढ: दोन पावलं टाकवत नाहीत आणि ओढ्यात कोण नेणार? खांद्यावरून?

जुनं_खोगीर: गार पाणी उपयोगी आहे एवढंच म्हटलं. ते खोटं आहे का?

चौखूर: खरं आहे, पण तो उपचार वैद्य सांगेल तेव्हा. पाऊलवाट, समन्वयकाची वाट बघू नका. फाटकावरच्या फलकावर आणीबाणीचा नंबर असेल.

डबल_ढ: अवांतर: इंग्लंडच्या न्यू फॉरेस्टात पोनींवर नजर ठेवायला पगारी अ‍ॅजिस्टर असतात. प्रत्येकाचा इलाखा ठरलेला. शेपटीचे केस कसे कापलेत त्यावरून पोनी कुणाच्या इलाख्यातली ते लांबूनच कळतं. आपल्याकडे वहीत कशापैकी 6 तेही कळत नाही.

पाऊलवाट: फलकावर नंबर होता. रोज त्याच्यासमोर गाडी लावते! पशुवैद्य निघालेत, मला लांब थांबून नजर ठेवायला सांगितलंय. आत्ता तिने एक पुढचा पाय उचलला, टेकवला, परत दुसरा उचलला. 3 खोडू का?

चौखूर: खोडू नका. पुढे 'पाचापैकी' लिहा. आणि हे पायांचं आत्ता लिहिलंत ते तस्संच वहीत उतरवा, वेळेसकट.

नाममात्र: मुलीचं कोणी सांगेल का?